सप्त्याला अख्खं गाव, ग्रामसभेला अकरा माणसं

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज वाचत बसले तेव्हा लक्षात आलं की नाशिक जिल्ह्यातले दिंडोरी, निफाड, सिन्नर, सुरगाणा असे चारही बाजूंचे लोक वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारतायत, की गाव गोळा कसं करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि या वेळी फक्त हेच घेतलंय. मी स्वतः निफाड तालुक्यातल्या एका छोट्या गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बरंचसं हाताने करून बघितलेलं आहे, काही जमलं काही नाही जमलं.

प्रश्न : ताई, मी दिंडोरी तालुक्यातला, वय २७, नाशिकच्या अंबडला कंपनीत शिफ्टला जातो. मागच्या १५ ऑगस्टला मुद्दाम सुट्टी टाकून ग्रामसभेला थांबलो. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली आणि सभेला मोजून अकरा माणसं. दहा मिनिटांत संपली. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या घेत फिरत होता, माझ्या आईने पण सही केली, कशावर ते तिला माहीत नाही. आम्ही चार-पाच पोरं आहोत, काहीतरी करायची इच्छा आहे, पण लोकच येत नसतील तर काय करायचं?

भाऊ, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक, ती म्हणजे लोक आळशी आहेत, त्यांना गावाचं काही पडलेलं नाही. तुझ्याच गावात कुणाच्या घरी मयत झाली तर अर्ध्या तासात माणसं जमतात की नाही? लग्नाला वाढायला पोरं लागतात तेव्हा कुणाला बोलवायला जावं लागतं का? मग हीच माणसं ग्रामसभेला का येत नाहीत, तर त्यांना अनुभवाने कळलंय की जाऊन काही होत नाही. आमच्या वॉर्डात एक म्हातारी होती, तिने लागोपाठ तीन सभांना येऊन घरापुढच्या सांडपाण्याचं सांगितलं, तीनदा सगळ्यांनी मान हलवली आणि तीनदा ते कुठे लिहिलंच गेलं नाही. चौथ्यांदा ती का येईल? ती घरी थांबली हे बरोबरच केलं तिने, चूक आमची होती.

आता नियम काय आहे ते माहीत असू दे, कारण तुम्हा पोरांच्या हातात तेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे, त्यातल्या कलम ७ मध्ये ग्रामसभेचं सगळं दिलंय. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्याच लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा त्याच्या मागेपुढे होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. कोरम म्हणजे गणपूर्ती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब होते, आणि गंमत नाही खरंच सांगते, तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. म्हणजे अकरा माणसांत पण ठराव होऊ शकतो आणि तो अख्ख्या गावाचा ठराव असतो. न येणाऱ्याला हेच कुणी समजावून सांगत नाही की तू आला नाहीस म्हणून निर्णय थांबत नाही, फक्त तुझ्याशिवाय होतो.

दुसरं, या चार तारखा आपल्या भागात कशा पडतात ते बघ. २ ऑक्टोबरला द्राक्षाच्या बागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी चालू असते, १ मेच्या आसपास खरड छाटणी, २६ जानेवारीला कुणाची द्राक्षं काढणीला आलेली असतात आणि कुणाची कांद्याची लागण राहिलेली असते. अशा दिवशी सकाळी ११ वाजता सभा ठेवली तर ज्याच्या बागेत वीस मजूर लावलेत तो माणूस येणार कसा? त्यात आपल्याकडे अर्धं गाव आता गावठाणात राहतच नाही, मळ्यात राहतं, पाराजवळच्या फळ्यावर लावलेली नोटीस मळ्यातल्या माणसाला दिसणार कधी? म्हणून पहिलं काम हे करा, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या की सभेची वेळ लोकांच्या सोयीची ठेवा आणि नोटीस वस्तीवर पोचवा. मोटरसायकलवर स्पीकर लावून तुम्ही पोरंच एक चक्कर मारा, दवंडीला आता कोतवालाची वाट बघू नका.

आणि सभेत एकच विषय घेऊन जा. सगळे प्रश्न एकदम मांडू नका, रस्ता, पाणी, लाईट, शाळा, स्मशानभूमी असं सगळं एका दमात बोललं की समोरचा सगळ्यालाच हो म्हणतो आणि एकही होत नाही. सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणा, नम्रपणे म्हणा, पण वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. मग तुमचा एक विषय, तो ठराव म्हणून लिहून घ्या, सूचक कोण अनुमोदक कोण ते नावासकट. आणि आईला सांग, कोऱ्या पानावर किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, मग मागणारा घरचा असला तरी.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. शाळेच्या फाटकासमोर गटारीवरचा ढापा फुटलेला होता, पोरं त्यावरून उड्या मारत जायची, एकदा पहिलीतली एक मुलगी मांडीपर्यंत आत गेली, पायाचं सालटं निघालं. आम्ही दोघी-तिघींनी ठरवलं की या सभेत बाकी काही बोलायचं नाही, फक्त ढापा. ठराव झाला, आणि मग मी दर चार दिवसांनी ऑफिसात जाऊन विचारत राहिले, राग आला लोकांना माझा. बावीस दिवसांनी ढापा बसला. काम एवढंसंच, पण आम्ही एक केलं, ग्रामपंचायतीबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं की ग्रामसभेत ठरलं, अमुक तारखेला झालं, एवढा खर्च आला. ते पावसाने पुसलं तर परत लिहिलं. पुढच्या सभेला साठच्या वर माणसं आली, त्यात ती सांडपाण्यावाली म्हातारी पण होती, पुढे येऊन बसली. मला वाटतं लोकांना सभेला ओढून आणणारी गोष्ट हीच आहे, आपण बोललेलं झालं हे डोळ्याने दिसणं. तुम्ही पाच जण पुढच्या सभेपर्यंत असा एक ढापा शोधा.

गावाचा पैसा कुठे गेला ते मोबाईलवर पण बघता येतं बरं का, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकलं की वार्षिक आराखडा आणि खर्च दिसतो, लॉगिन वगैरे लागत नाही. ते बघून त्यातलं एक पान प्रिंट काढून पारावर लावा. भांडायला नको, नुसतं लावा. विचारणारे आपोआप विचारतील.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे, वय ३१. जागा महिला राखीव झाली म्हणून घरच्यांनी उभं केलं. सह्या मी करते, मीटिंगला मिस्टर जातात, गावातले लोक पण त्यांनाच सरपंच म्हणतात. महिला ग्रामसभा होते असं दाखवतात पण बायका येत नाहीत, दोन-तीन बचतगटवाल्या बसतात आणि फोटो काढतात. मला खरंच काम करायचंय. घरात भांडण न होता सुरुवात कुठून करू?

सरपंच ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटची ओळ तुम्ही लिहिली तिथेच सुरुवात झाली असं मी समजते.

आधी तुमचा डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, कुठे आहे ते सांगा. हसण्यासारखा प्रश्न वाटेल पण हा फार मोठा प्रश्न आहे. आता ग्रामपंचायतीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या डिजिटल सहीने जातं, आणि बऱ्याच गावांत सरपंच बाईचा डोंगल मिस्टरांच्या खिशात किंवा ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. खर्च चुकीचा झाला तर जबाबदार तुम्ही, नोटीस तुमच्या नावाने येणार. म्हणून भांडण न करता एवढंच म्हणा की सही माझ्या नावाची आहे, उद्या काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून डोंगल माझ्याजवळ राहू दे आणि मी कागद वाचूनच सही करीन. यात कुणाचा अपमान नाही, सासऱ्यांनाही हे पटेल असं मला वाटतं. खुर्चीचा अधिकार कायद्याने निवडून आलेल्या माणसाचा असतो, नवऱ्याला तिथे बसायचा काहीच हक्क नाही, पण हे वाक्य पहिल्या दिवशी घरात बोलू नका, आधी तीन-चार मीटिंगला स्वतः जा, मिस्टर सोबत आले तर येऊ द्या, बोलायचं मात्र तुम्ही. पहिल्यांदा आवाज कापेल. माझा पण कापला होता, कागद हातात धरला तर कागद हलायचा म्हणून मी तो टेबलावर ठेवून वाचायचे.

आता बायकांचं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीच असते, तो नियमच आहे, उपकार नाही. पण ती ऑफिसात ठेवली, दुपारी १२ ला ठेवली, तर बायका कांद्याच्या वावरात असतात, कोण येणार? बायका जिथे आधीच जमतात तिथे सभा न्या. २६ जानेवारीच्या आधीची महिला सभा बरोबर संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत येते, देवळाच्या किंवा शाळेच्या अंगणात संध्याकाळी तिळगूळ ठेवा आणि त्याच वेळी सभा घ्या. फक्त एक कळकळीने सांगते, विधवा बायकांना आवर्जून बोलवा, त्यांच्यासाठी वेगळं नको, त्याच सतरंजीवर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो एका ग्रामपंचायतीने केलेला ठराव होता, वरून आलेला आदेश नव्हता. तुमच्या गावात पण तुम्ही तो आणू शकता, आणि मी म्हणते आणाच.

बायका आल्या की त्यांना विषयपत्रिका वाचून दाखवू नका, विचारा की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कशाने जीव जातो. आमच्याकडे विचारलं तर मला वाटलं होतं दारूबंदी म्हणतील किंवा पाणी म्हणतील, पहिला विषय निघाला तो बाथरूमला दिवा नाही हा, म्हणजे सार्वजनिक शौचालयाकडे जायच्या वाटेवर खांब होता पण बल्ब नव्हता, आणि पुरुषांच्या एकाही सभेत हे कधी निघालं नव्हतं कारण त्यांना अंधार अडचणीचा वाटतच नाही. महिला सभेत जे ठरेल ते मोठ्या ग्रामसभेत तुम्ही स्वतः वाचा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील ठेवलेला होता, म्हणजे बायका जे मागतात त्याला पैसा नसतो असं नाही, मागणारी त्या खोलीत नसते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, आधी ३३ टक्के होतं. एवढ्या वर्षांत घरटी एक तरी बाई निवडणूक जवळून बघितलेली आहे. तुमच्या गावातली जुनी महिला सरपंच किंवा सदस्य शोधा, कुठल्या पार्टीची होती ते बघू नका, तिच्याकडे जाऊन चहा घ्या. तिने काय सोसलं ते तिला कुणी विचारलेलंच नसतं.

प्रश्न : सिन्नरच्या पूर्व भागातला निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावात देवळाच्या सभामंडपाला वर्गणी भराभर जमली, सप्त्याला सात दिवस पंगती उठल्या. आणि गावाखालच्या बंधाऱ्यातला गाळ काढायला श्रमदान ठेवलं तर पहिल्या दिवशी ३५ जण, चौथ्या दिवशी मी, माझा मुलगा आणि दोन विद्यार्थी. उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळणारं गाव, आणि पाण्यासाठी हात हलत नाही. मन खट्टू झालं आहे.

सर, नमस्कार. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पण सप्त्यावर राग धरू नका, सप्ता नीट बघा, गाव कसं चालवायचं ते सगळं त्यात आहे. तारीख वर्षानुवर्षं ठरलेली, कुणाच्या मर्जीवर नाही. काम प्रत्येकाला, कुणी मंडपाचे वासे बांधतो, कुणी पाण्याचा टँकर लावतो, प्रत्येक घरातून ठरलेल्या पोळ्या किंवा भाकरी येतात, म्हातारी माणसं वीणा धरतात, लहान पोरं पत्रावळ्या वाढतात, ज्याच्याकडे द्यायला पैसा नाही त्यालाही तिथे मान आहे. आणि काल्याच्या दिवशी माईकवर हिशेब वाचला जातो, अमक्याचे ५०१, तमक्याची एक गोणी गहू, आचाऱ्याला एवढे दिले, शिल्लक एवढी. नंतर देणगीदारांची नावं देवळाच्या भिंतीवर रंगवतात. आता सांगा, ग्रामपंचायतीत यातलं काय होतं? पाणीपट्टी किती जमली आणि मोटर जळाली तेव्हा किती गेले हे कुणी माईकवर वाचलंय का कधी? माणसं देवाला देतात हे खरं, पण जिथे हिशेब कानावर पडतो तिथे पण देतात. तुमच्या सप्त्याच्या कमिटीत जो माणूस हिशेब ठेवतो ना, त्यालाच बंधाऱ्याच्या कामाचा खजिनदार करा.

आता एक कडू बोलते, राग मानू नका. बंधाऱ्यातला गाळ निघाला तर पाणी कुणाच्या विहिरीला वाढणार? बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या. आणि श्रमदानाला टोपली घेऊन कोण येणार अशी आपली अपेक्षा, तर ज्याला अर्धा एकर पण नाही तो. त्याने एक दिवसाची मजुरी बुडवून तुमच्या-माझ्या विहिरीचं पाणी का वाढवायचं? पहिल्या दिवशी तो येतो ते तुमच्या शब्दाला मान देऊन, चौथ्या दिवशी त्याच्या घरात पीठ नसतं. त्यामुळे गाळ काढायच्या आधी पाण्याचं ठरवा. ग्रामसभेत लिहून घ्या की पहिलं पाणी पिण्याचं, मग जनावरांचं, बंधाऱ्यात थेट मोटरी टाकायच्या नाहीत, आणि ज्यांच्या विहिरींना फायदा त्यांनी ट्रॅक्टर आणि डिझेल द्यायचं. गाळ शेतात न्यायला शेतकरी तयार असतातच, सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, तिची चौकशी पंचायत समितीत करा. म्हणजे गाळ घेणाऱ्याने वाहतूक करायची, आणि हातांनी करायचं काम फक्त पिचिंग, म्हणजे बांधाला दगड लावणं, आणि झाडांचं ठेवायचं. मग बघा कोण येतं.

आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. बागलाणात मोसम आणि आरम नदीवर फड पद्धत होती, तीनशे वर्षांच्या वर जुनी, काही ठिकाणी अजून तिच्या खुणा आहेत. नदीवर बांध, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला पाटकरी गावाने नेमलेला, त्याला धान्य सगळ्यांनी मिळून द्यायचं. पाणी कमी असलं तर सगळ्यांचंच क्षेत्र कमी करायचं, एकट्याचं पीक जळू द्यायचं नाही. लिहायला-वाचायला न येणाऱ्या माणसांनी हे चालवलं.

आणि जवळचं बघायचं असेल तर एक दिवस मुलाला घेऊन दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर जा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या शेतकऱ्यांना धरून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. टेलच्या माणसाला पाणी कधी पोचतच नव्हतं, म्हणून सुरुवात तिथून. पुढे अख्ख्या प्रकल्पावर संस्था झाल्या आणि धरणाच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं, पाणी मोजून घ्यायचं, पैसे मोजून भरायचे. राज्याचा सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा २००५ ला आला, त्याच्या किती आधी हे चालू झालं होतं बघा. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की ज्याला सगळ्यात कमी मिळत होतं त्याच्यापासून त्यांनी सुरू केलं. तुमच्या गावात तो टेलचा माणूस कोण, सर? बंधाऱ्याच्या आधी त्याच्या घरी जाऊन या.

हिवरे बाजारचं सगळे सांगतात म्हणून मी लांबवत नाही, पोपटराव पवारांना २०२० सालची पद्मश्री मिळाली हे तुम्हाला माहीतच आहे, पण तिथल्या टाक्या आणि झाडं बघून परत येऊ नका. तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती पडला त्यावर पिकं ठरतात, ते बघून या. तुम्ही शिक्षक आहात, पर्जन्यमापकाची नोंद शाळेच्या पोरांकडून फळ्यावर लिहून घेणं तुम्हाला उद्यापासून जमेल.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातली, बी.ए. झाले आहे. आमचा पाडा मुख्य गावापासून सहा किलोमीटर. ग्रामसभा तिकडे होते, आमचं कुणी जात नाही. दिवाळीनंतर पाड्यावरची बहुतेक माणसं निफाड, दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जातात, पाड्यावर म्हातारी आणि पोरं उरतात. मग सहभाग घ्यायचा कुणी?

पोरी, तुझा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा अवघड आहे आणि तुझ्याकडे हत्यार पण बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. सुरगाणा, पेठ, कळवण हे अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासी भाग, इथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये आले. पेसामध्ये पाडा स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो, पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा, मग चौकशी होऊन जाहीर होतं. तसं झालं की पाड्याची ग्रामसभा पाड्यावरच. पेसाच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला, निधी थेट येतो, तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते, मुख्य गावातले दोन-चार जण नाही.

आणि वेळ धर पावसाळ्याची. भात-नागलीच्या दिवसांत सगळी माणसं घरी असतात, म्हणजे चार सभांपैकी १५ ऑगस्टची तुमची खरी सभा, आणि २ ऑक्टोबरची, कारण तेव्हा पुढच्या वर्षाचा आराखडा करायचं काम सुरू होतं आणि माणसं अजून निघालेली नसतात. भात लावायला तुमच्याकडे एकमेकांच्या वावरात जातातच ना, आज तुझं उद्या माझं. तशा एका दिवशी बांधावर दुपारची भाकरी खाताना ठराव वाचून दाखव, वेगळी मीटिंग बोलवूच नकोस. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं बोलणं तू ऐकलं असशील, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ते गाव सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाही, आणि २००९ मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर तुम्हाला त्या मानाने जवळ आहे, चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री मिळाली ती गावाने मिळून राखलेल्या जंगलासाठी. तिथे बोली आणि माणसं ओळखीची वाटतील तुला.

आणि हे माझ्या निफाड-दिंडोरीच्या बागाईतदार वाचकांसाठी. जी माणसं वर्षातले पाच महिने तुमच्या बागेच्या कडेला पाल टाकून राहतात ती त्या पाच महिन्यांपुरती तुमच्या गावचीच आहेत. त्यांना मतदान नाही म्हणून ठरावावर हात वर करता येणार नाही, पण त्यांच्या पोरांना शाळेत बसवणं, त्यांच्या पालापर्यंत पिण्याचं पाणी नेणं हा तुमच्या ग्रामसभेचा विषय व्हायला पाहिजे. मी सदस्य असताना हा विषय घेतला नाही, सुचलाच नाही मला, आणि ते अजून लागून राहिलंय.

प्रश्न : गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, २४० मेंबर आहेत. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी पार्टीचं भांडण, रात्री लेफ्ट. ग्रुप बंद करू का? (येवला)

बंद नका करू, फक्त अॅडमिननाच मेसेज टाकता येतील असं सेटिंग करा आणि त्यावर चारच गोष्टी टाका, पाणी कधी सुटणार, लाईट कधी जाणार, ग्रामसभेची नोटीस, आणि झालेल्या ठरावाचा फोटो. मयत-लग्नाच्या खबरी पण चालतील. अॅडमिन दोन्ही गटांचे आणि त्यात एक तरी बाई. वादाचं बोलणं पारावर समोरासमोर, तोंडावर माणूस इतकं वाईट बोलत नाही जितकं टाईप करतो.

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो, गाव चांदवड तालुक्यात, वर्षातून दोनदा जाणं होतं. गावासाठी काहीतरी करावं वाटतं, पैसे द्यायची तयारी आहे. काय करावं?

आधी गावातल्या घराची घरपट्टी थकली आहे का बघा. खरंच सांगते, शहरात गेलेल्यांची घरं बंद असतात आणि पट्टी वर्षानुवर्षं थकलेली असते, आणि त्याच वसुलीवर गावच्या दिवाबत्तीचा आणि शिपायाच्या पगाराचा भार असतो. ती भरा आणि पावती घ्या.

मग पैसे देण्याआधी विचारा. गावकऱ्यांना न विचारता शहरातून कमान किंवा बाकडी देणारे खूप असतात, बाकडी पारावर, त्यावर दात्याचं नाव, आणि पाण्याच्या टाकीला मात्र झाकण नाही. तुमचं नाव गावच्या मतदार यादीत नसेल तर ग्रामसभेत तुम्हाला ठराव मांडता येणार नाही, सभासद तिथला मतदारच असतो, पण मागे बसून ऐकता येईल, आणि बरेच वर्षांनी गेलेल्या माणसाने नुसतं ऐकावंच. जलजीवन मिशनमध्ये गावाची लोकवर्गणी साध्या गावाला १० टक्के असते, डोंगराळ किंवा आदिवासी-दलित बहुल गावाला ५ टक्के, तुमच्या गावात ती कुणाकुणाची राहिली आहे, कुणाला परवडत नाहीये, हे पाणीपुरवठा समितीला विचारा आणि गुपचूप त्यांची भरा, नाव न लावता. आणि जत्रेला जाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून जा, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास पडलेले असतात, ते उचलायला दरवर्षी त्याच दोन-तीन घरच्या बायका येतात, कोण येतात ते तुम्हाला माहीत आहे. या वर्षी झाडू घेऊन तुम्ही, तुमची मिसेस आणि मुलं आधी पोचा.